मात्रावाल्या आत्याबाई

"अख्खी बाटली घशात ओतलीस? मात्रा म्हणजे काय, कळतं का तुला?"

"न कळायला काय झालं? मात्रा म्हणजे औषध. म्हटलं, एकदम घेतलं की एकदम बरं वाटेल."

"मात्रा म्हणजे माप, टेलरमास्तर! माप!"

"अक्का, गावाची मापं मी घेतो आणि तू मला माप शिकवतेस?"

मी तेव्हा नवी नवरी. मोरीत भांडी घासता घासता हात थांबवून ऐकत होते. भांडत होते माझे सासरे आणि त्यांची थोरली बहीण. मामंजी शिवणकाम करायचे. शाळेच्या गणवेशांचं काम गळ्याशी आलेलं, त्यात खोकला. म्हणून त्यांनी औषधाची बाटलीच रिकामी केली आणि मशीनवर असे पेंगले, की एका शर्टाच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला लागल्या.

आत्याबाई दवाखान्यात कामाला होत्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "एक भाऊ सांभाळतेय तेवढं पुरे, वर नवरा कशाला?" दवाखान्यातलं औषध तेव्हा पातळ असायचं आणि लोक बाटल्या घरून आणायचे. कुणाची उंच, कुणाची बुटकी. आत्याबाई प्रत्येक बाटलीला कागद लावून बघायच्या, पट्टी कापायच्या, कात्रीने तिला दात पाडायच्या आणि खळीने चिकटवायच्या. एका वेळी एकाच दातापर्यंत प्यायचं. अंथरुणाला खिळलेल्यांना बाटली घरी नेऊन द्यायच्या. सगळे डोस म्हणत, ह्या मात्रा म्हणत. म्हणून लोकांनी नाव पाडलं, मात्रावाल्या आत्याबाई.

त्यांचंच खरं होतं म्हणा. मात्रा म्हणजे मूळचं मापच. जुने वैद्य धातूंची भस्मं द्यायचे. ती भारी जालीम, चिमटीच्या टोकावर मावेल एवढीच घ्यायची. माप चुकलं की संपलं. तेव्हा मापालाच एवढा मान आला, की औषधाचंच नाव मात्रा पडलं. आपण नाही का, "एक कप घेता का?" असं विचारतो? कप कोण खातंय!

पण मामंजींपुढे कुणाची मात्रा चालायची नाही. "तुझ्या हातची पट्टी पुन्हा मानणार नाही," म्हणाले आणि अबोला धरला. दोघं एकाच ताटलीतलं मीठ घेणार आणि निरोप माझ्याकडे. "सूनबाई, तुझ्या आत्याबाईंना सांग, दिवा मालवा." आत्याबाई तिथेच बसलेल्या. "सांग त्याला, हात लांब आहेत त्याचे."

पुढे मामंजींचं हृदय अशक्त झालं. पायांवर सूज आली, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी बजावलं, "कमी घ्याल तर गुण नाही, जास्त घ्याल तर जिवावर बेतेल." आणि हे पठ्ठे बाटलीवरची पट्टी नखाने खरवडून काढायचे, वाटेल तेवढा घोट घ्यायचे. मी विनवलं, रडले. ढिम्म! आमचे हे समजवायला गेले, तर त्यांनाच काज करायला बसवलं.

एका संध्याकाळी आत्याबाईंनी कोरी बाटली आणून मशीनवर ठेवली. पट्टी नाही, काही नाही. शेजारी कागद. अबोला मोडून थेट म्हणाल्या, "एवढ्या औषधाचे सारखे बारा भाग हवेत. मला तर अक्कल नाही. तू काढ."

मामंजींनी बाटलीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. मग गळ्यातली टेप काढली. बाटली फिरवून फिरवून मोजली, खडूने खुणा केल्या, कात्री चालवली. दात असे पडले, की एक जरा इकडे नाही की तिकडे नाही.

"खळ नीट लाव. तुझ्या पट्ट्या नेहमी तिरक्या," ते म्हणाले.

"हो रे बाबा."

स्वतःच्या कात्रीचं माप मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्या दिवसापासून पट्टीवरच्या ठरल्या दाताच्या खाली एक थेंबही जास्त गेला नाही. सूज उतरली. दवाखान्याच्या पट्ट्याही मग तेच कापायला लागले, आणि माझ्या दोन्ही मुलींचे फ्रॉक शिवूनच गेले.

आत्याबाई त्यांच्यामागे बरीच वर्षं होत्या. गोळ्या आल्या, पट्ट्या गेल्या, तरी छापखानेवाल्याच्या आईच्या घशाखाली गोळी उतरत नसे, तिची बाटली त्या न्यायच्या. एका रात्री झोपेतच गेल्या त्या, पण त्याच दिवशी दुपारी तिचे तीन जिने चढल्या होत्या. मी सोबत होते. म्हातारीने नेहमीसारखं तोंड फिरवलं. आत्याबाईंनी नेहमीसारखा चमचा पुढे धरला.

"आ करा. तोंड वाकडं करून चव बदलत नाही. आणि माझी रिकामी बाटली कुठे ठेवलीत?"