माती रुसला आहे

आमचे हे, म्हणजे डॉक्टर मोहन, ग्लासगोच्या हॉस्पिटलात भूल द्यायचे. पेशंटशी मऊ, पण घरी मराठीच्या बाबतीत भारी कडक. लेक दिया इथेच जन्मली, इथेच शिकली. तिच्या तोंडून ‘माझा पुस्तक’ निघालं की हे घास हातात धरून थांबायचे.

“तो पुस्तक की ते पुस्तक?”

“ते, बाबा. माझं पुस्तक.”

मगच तो घास तोंडात जायचा. मला अगदी वैताग यायचा.

दियाने तिसऱ्या वर्षाला मेडिकल सोडलं आणि एडिनबराला जाऊन मातीचा अभ्यास धरला. “चिखल चिवडायला वाढवलं का हिला?” हे म्हणाले, आणि तिच्याशी बोलणंच टाकलं. दोन वर्षं! तिचा फोन आला की रिसीव्हर मुकाट्याने माझ्या हातात. मी भांडले, रडले, एकदा ताटही आपटलं. हे ढिम्म. पोरीचं मराठी घसरत चाललं होतं, आणि तिला कुणी टोकत नव्हतं याचंच मला वाईट वाटायला लागलं.

२००६च्या उन्हाळ्यात ती बोर्निओला गेली. तिथल्या दलदलीत झाडपाला कुजून काळी माती होते, तिला पीट म्हणतात. भातशेतीसाठी कालवे खणून तिच्यातलं पाणी काढून टाकलेलं. पावसाळ्यात ती पुन्हा भिजते, कोरड्या दिवसांत पाणी खोल जातं आणि वरचा थर वाळतो. कधी किती वाळतो, ते दिया मोजत होती. त्या वर्षी पाऊस लांबला आणि सरपणासारखी वाळलेली ती माती आतून पेटली. टीव्हीवर तो धूर दिसला तेव्हा हे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पोरगी कशी आहे, हे मात्र विचारलं नाही. त्या दिवशी मला त्यांचा खरोखर तिरस्कार वाटला.

नोव्हेंबरात ती घरी आली, खोकत. लॅबमधून आणलेलं त्या मातीचं एक वाळकं ढेकूळ तिने बशीत ठेवलं आणि त्यावर चमच्याने पाणी सोडलं. पाणी आत मुरेना, थेंब घरंगळून बशीत पडले. हे समोर चहा घेत बसले होते.

“बघ आई, एकदा कम्प्लीटली ड्राय झाला ना, की मग रेन आला तरी पाणी आत घेत नाही,” दिया मला म्हणाली. “माती रुसला आहे.”

“रुसली,” हे म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. कप खाली ठेवला.

दियाचे डोळे भरून आले, पण ती बापाचीच लेक. “माती रुसली,” ती शहाण्या मुलीसारखं म्हणाली. “आणि बाबा रुसला आहे.”

“रुसले...” हे म्हणाले. बशीकडे बघतच त्यांनी वाक्य पुरं केलं.

“बाबा रुसले होते.”