एका सडाचं दूध

शनिवार, अकरा जानेवारी. कळंबा तलावाचा काठ, सकाळी साडेसात. हजर: सातवीचा वर्ग, विज्ञानाची बाई म्हणजे मी, आणि तीन पाहुणे. वनस्पतींचा अभ्यास करणारे एक सर, पक्ष्यांच्या मागे हिंडणारी एक तरुण संशोधक आणि सूक्ष्मजीवांच्या मॅडम. गैरहजर: कोणी नाही. सहलीला कोणी गैरहजर राहत नाही.

सरांनी बांधाच्या दगडावरचं वाळकं, काळपट शेवाळ तळहातावर घेतलं आणि वर थोडं पाणी शिंपडलं. बघता बघता ते उलगडलं, हिरवं झालं. मेलं नव्हतं, थांबलं होतं, एवढंच सर म्हणाले. मग दुर्बिणीतून हिमालयापलीकडून आलेली बदकं पाहिली. दंगेखोर पोरंसुद्धा रांगेत उभी.

एका मुलीचं लक्ष मात्र मॅडमकडेच. तिच्या घरच्या एका म्हशीच्या कासेच्या एकाच सडातून दुधाच्या गुठळ्या येतात. औषधाला गुण नाही, म्हणून वडील गुरुवारी म्हशीला बाजारात विकायला नेणार. दुधातला जंतू ओळखला तर नेमकं औषध देता येतं, हे मी वर्गात सांगितलं होतं. त्या सडाचं दूध ती तपासायला आणणार होती. डबा उघडला तर वेलचीचा वास.

"आईनं दुसऱ्या म्हशीचं दिलंय, साखर घालून, उकळून," ती रडवेली झाली. "म्हणाली, पावण्यांना नासकं दूध देत्यात व्हय?"

मॅडमनी ते दूध आधी कौतुकानं प्यायलं. मग तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तलावाच्या एका थेंबात काचेसारखा जीव तोंडाशी चक्रं फिरवत जेवत होता. पोटातला घासही दिसत होता. मुलगी कितीतरी वेळ हलली नाही.

"ह्यो रोज हितं असतोय?"

"असतो की," मॅडम तिच्याच बोलीत म्हणाल्या. "तुमच्या म्हशीच्या हौदातबी असंल."

"मग म्हशीच्या दुधातला त्यो जंतू बी दिसंल."

मीही पाहिलं. फळ्यावर त्याचं चित्र कितीदा काढलंय. जिवंत, जेवताना पहिल्यांदाच पाहिला.

मॅडमनी निर्जंतुक बाटली दिली. सड धुऊन पुसायचा, पहिल्या धारा सोडायच्या, मग दूध घ्यायचं, कच्चंच; उकळलं तर जंतू मरून जातात. उद्या रविवार असूनही त्या प्रयोगशाळा उघडणार आहेत. गुरुवारच्या आत औषध कळलं तर म्हैस विकणार नाही, एवढं वडील फोनवर कबूल झाले; त्यापुढं थांबणार नाहीत.

उद्या सकाळची धार निघायच्या आत मला मुलीच्या घरी पोचायचं आहे. दूध चुलीवर चढवू नका, हे तिच्या आईला पटवायचं अजून राहिलंय.