लाल ठिपका

दुरुस्तीला काहीही द्यायचं तर आधी त्यावर आतून खूण करायची, हा बाबांचा कायदा. पुण्यात मिक्सर दुकानात निघाला की ते आधी त्याचे स्क्रू काढत आणि मोटरवर खिळ्याने आपलं आद्याक्षर कोरत. "चांगला पार्ट काढून घेतात आणि भंगार बसवतात," असं त्यांचं म्हणणं. बायका स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतात, तसंच हे.

म्हणून इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये माझा लॅपटॉप बंद पडला तेव्हा मी व्हिडिओ बघून मागचं झाकण उघडलं आणि डिस्क, मेमरी, पंखा, सगळ्यांवर लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "यार, म्हातारा डबा आहे तो. रिसायकलला टाक आणि नवीन ऑर्डर कर."

डबा खराच. पण त्यात बाबा होते. शेवटचे इथे राहायला आले तेव्हा रोज सकाळी डायनिंग टेबलाशी बसून ते आपल्या नोकरीच्या आठवणी टाइप करत. पूर्ण होईपर्यंत कुणी वाचायचं नाही, अशी सक्त ताकीद. मग ते पुण्याला परतले आणि काही महिन्यांत गेले. ती फाइल उघडायचा मला धीरच झाला नाही. क्लाउडवर टाक, असं नवरा कितीदा म्हणाला, पण वडिलांचं लिखाण परक्याच्या माळ्यावर कोण ठेवतं? आता प्रत एकच आणि तीही बंद डब्यात.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी असा आकडा सांगितला की त्यात नवा लॅपटॉप आला असता. शेवटी मला नाणी टाकून कपडे धुवायच्या लॉन्ड्रोमॅटशेजारी एक छोटं दुकान सापडलं. मालक जाडजूड, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला. डिस्क मरायला टेकलीय, नवी बसवतो आणि तुमच्या फाइल्स त्यावर कॉपी करतो, असं म्हणून त्याने इतके कमी पैसे सांगितले की माझ्या मनात पाल चुकचुकली. महाग सांगणारा निदान तोंडावर लुटतो. स्वस्त सांगणाऱ्याचं काय ते कळत नाही.

आठवड्याने आणायला गेले. लॅपटॉप झटकन सुरू झाला. काउंटरशी उभ्या उभ्याच मी बाबांची फाइल उघडली. पानंच्या पानं भरलेली होती, पण कशाने? इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. मराठीचं एक अक्षर नाही.

माझं डोकंच फिरलं. "माझी डिस्क कुठे आहे? ती विकून दुसरीच कुठली तरी कॉपी केलीत ना?" मी सरळ ओरडले.

ड्रॉवरमधून एक पिशवी काढून त्याने माझ्यासमोर ठेवली. आत जुनी डिस्क, तिच्यावर लाल ठिपका.

"हा तुम्हीच लावलाय ना?" त्याने विचारलं.

माझाच होता. पण संशयाला औषध नसतं. म्हटलं, बरं, मग कॉपी करताना वाट लावली असेल. तेच त्याला ऐकवायला म्हणून स्क्रीन त्याच्याकडे वळवली, आणि ती वळवळणारी चिन्हं बघताना एकदम बाबांचा आवाज आठवला. मी स्वयंपाकघरात असायची आणि ते टेबलावरून ओरडायचे, "अगं, परत किडे पडले बघ!"

किडे! फॉन्ट निवडायचा राहिला की बाबांच्या मराठीचे असे किडे व्हायचे. नव्या कीबोर्डवर त्यांचा विश्वास नव्हता. ऑफिसात वापरलेल्या जुन्या फॉन्टची सीडी ते पुण्याहून घेऊन आले होते. तो फॉन्ट नसला की त्यांचं लिखाण असंच दिसे. सीडी त्यांच्याबरोबरच परत गेली होती, आणि फॉन्ट आता फक्त जुन्या डिस्कवर होता.

मी त्याला हे कसंबसं समजावलं. त्याने केबल लावली. डिस्क कण्हली आणि गप्प झाली. "चालेल की नाही, सांगता येत नाही," तो म्हणाला. मला रडू येऊ लागलं. त्याने केबल काढून पुन्हा लावली, डिस्क तशीच हाताने धरून ठेवली. घरघरत ती एकदाची चालू झाली. फॉन्ट सापडला, उतरवून घेतला, आणि माझ्या डोळ्यांदेखत किड्यांची मराठी झाली.

पहिल्या पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ओळ होती: "हे लिखाण माझे आहे. कोणी ढापू नये." खालची पानं बघितली. प्रत्येक पानावर तीच ओळ. मी हसायला लागले आणि हसता हसता रडले.

"काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"वडील म्हणतायत, चोरू नका."

त्याने स्क्रीनकडे बघितलं.

"नो, सर," तो म्हणाला.