कटरचं बायबल

आमचे हे बुटांच्या कारखान्यात कटर आहेत. शिक्षण चौथी, पण कातडं कापण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. बायको म्हणून सांगत नाही हं, मालकही हेच म्हणतो, आणि तो काही फुकट कौतुक करणाऱ्यातला नाही.

चर्चमध्ये मोठ्यांचा बायबलचा वर्ग घेणारे मास्तर परगावी गेले, तेव्हा पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, यांचं नाव सुचवलं. चर्चच्या चिटणिसांनी लगेच नाक मुरडलं. "चौथी पास माणूस शास्त्र शिकवणार?" शेवटी ठरलं, रविवारी सगळ्यांसमोर यांनी एक ओळ समजावून सांगायची. जमलं तर वर्ग यांचा.

त्यात यांची एक खोड. कारखान्यात हे कातडं आधी उलटं करतात, बोटांनी चाचपतात, चीर लागली की निळ्या खडूने खूण करतात आणि मगच सुरी लावतात. घरी बायबलमध्येही तेच! न कळलेल्या प्रत्येक ओळीला खडू. चारचौघांत शोभा नको म्हणून शनिवारी दुपारी मी त्या सगळ्या खुणा दुपट्ट्याने पुसून टाकल्या, यांना न सांगता.

रविवारी ओळ मिळाली ती प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेली, सत्याचं वचन नीट सांगण्याबद्दलची. पाळकांनी आधी 'नीट सांगणे'साठीचा मूळ ग्रीक शब्द फोडून दाखवला. "ऑर्थोतोमेओ. ऑर्थोस म्हणजे सरळ, तेम्नो म्हणजे कापणे. बायबलमधल्याच नीतिसूत्रांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द वाट सरळ करण्यासाठी आलाय. पौल तंबू करून पोट भरायचा, म्हणून त्याच्या मनात कापड कापणं असेलही, पण खात्रीने सांगता येत नाही."

हे उठले, बायबल उघडलं, दोन पानं उलटली आणि थबकले. माझ्याकडे पाहिलं. बाई गं, कुठे तोंड लपवू असं झालं मला.

"सरळ कापायला धारदार सुरी लागते असं वाटतं," हे म्हणाले, "पण आधी खडू लागतो. वरून सगळंच कातडं चकचकीत. न चाचपता कापलं, तर बूट गिऱ्हाइकाच्या पायात फाटतो. इथे खोट वचनात नाही, माझ्या समजुतीत आहे. तिथे मी खुणा केल्या होत्या. आता दिसत नाहीत, पण मला पाठ आहेत."

आणि एकेक करून सतरा ओळी म्हणून दाखवल्या.

"या मला कळत नाहीत. कळल्याचा आव आणून शिकवणार नाही. तुमच्याबरोबर बसून शिकेन."

चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "यातल्या नऊ मलाही कळत नाहीत. तीस वर्षांत कधी बोललो नाही. वर्ग तुम्हीच घ्या."

अहो, काय सांगू, माझा ऊर भरून आला! घरी येताना मी कबूल केलं, "खुणा मी पुसल्या."

"पानावर तुझ्या दुपट्ट्याचा धागा राहिलाय," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी वर्गात पहिल्या बाकावर बसले. यांनी ओळ वाचली. मला नाही कळली. मग मी पर्समधून निळा खडू काढला आणि सगळ्यांच्या देखत माझ्या बायबलमध्ये ठसठशीत खूण केली.