हवा बघितल्याशिवाय गाडी हलायची नाही

दादाचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या घरी चहा गाळत होते. "तुझी वहिनी झोपेतच गेली गं," एवढंच तो बोलला. दादाच्या गावी, पोखर्णीला पोचेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता... आता काही आठवडे उलटलेत. पण मंदावहिनींची आठवण निघाली की डोळ्यांत पाणी येण्याआधी हसूच येतं.

वहिनी गाडी शिकल्या त्या पन्नाशीनंतर. दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, काही महिने गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दारातली सात सीटची मोठी गाडी धूळ खात उभी राहिली. मग वहिनींनी परभणीत क्लास लावला आणि महिन्याभरात ती गाडी स्वतः दारातून बाहेर काढली. चालवायला लागल्यावर त्यांना गाडीच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर दिसलं. कमी माणसं असली तर टायरमध्ये हवा किती, गाडी भरली तर किती, सगळं तिथं छापलेलं. त्याच दिवशी त्यांनी हवा मोजायचं गेज विकत आणलं आणि पर्समध्ये अडकित्त्याशेजारी ठेवलं. लांब जायचं असलं की सकाळी टायर थंड असतानाच त्या उकिडव्या बसून एकेक चाक तपासायच्या. दादाची पद्धत वेगळी. तो चपलेनं टायरला लाथ मारून म्हणायचा, "टणक हाय. चला." वहिनी शांतपणे म्हणायच्या, "लाथेनं हवा कळत असती तर लोकांनी गेज कशाला घेतलं असतं?" उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "कमी हवेचं टायर उलट लय तापतंय. दारावर लिहिलंय तेवढीच भरायची."

माझ्या लेकीचं लग्न पूर्णेला होतं. ऐन मे महिना. सकाळी परभणीहून निघायला आधीच उशीर झालेला. नवरी, म्हातारी आत्या, आम्ही सगळे गाडीत दाटीवाटीनं बसलेलो, आणि वहिनी पैठणीत चाकाशी बसलेल्या. "मंदे, मुहूर्त टळायलाय," दादा आतून म्हणाला. वहिनींनी मागच्या उजव्या चाकाला गेज लावलं, मग टायरवरून बोटं फिरवली आणि उभ्या राहिल्या. "वन्सं, सगळ्यांना खाली उतरवा. खिळा घुसलाय. हवा निम्मी पण न्हाई."

लाथ मारून बघितलं असतं तर ते टायर टणकच लागलं असतं. तसेच निघालो असतो, तर त्या उन्हात, भरल्या गाडीत, रस्त्यावर काय झालं असतं... मी अजूनही तो विचार पुढं जाऊ देत नाही.

पंक्चरचं दुकान उघडलं नव्हतं. पण वहिनी स्टेपनीची हवासुद्धा दर महिन्याला बघायच्या, त्यामुळे ती तयार होती. पदर खोचून त्यांनी नट सैल केले, दादानं फेटा सांभाळत जॅक लावला. पूर्णेला पोचलो तेव्हा लोक अक्षता हातात घेऊन वाट बघत होते. व्याही पुढं येताच वहिनी म्हणाल्या, "नवरी येळेवर हाय. तिच्या मामाचे हात तेवढे काळे झालेत." मामानं हात धुतले होते, तरी लेकीच्या पिवळ्या शालूवर त्याच्या बोटांचे ठसे उमटलेच. तो डाग तिनं अजून काढलेला नाही.

परवा दादा मला परभणीला सोडायला निघाला. वहिनी गेल्यापासून गाडी कुणी हलवली नव्हती. त्यानं गेज घेतलं आणि चारही चाकं बघितली. मग दार उघडून आत बसायला गेला, तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. वहिनी ठेंगण्या. त्यांनी सीट पार पुढं ओढून घेतलेली होती.

"मागं घे की," मी म्हणाले.

"राहू दे. बसतंय," म्हणून त्यानं तशीच गाडी काढली. देवळाच्या वळणापर्यंत गेलो असू. त्यानं गाडी कडेला घेतली.

"ब्रेकवर पाय नीट पडेना," तो म्हणाला. "हिनं बघितलं असतं तर मला खाली उतरवलं असतं."

आणि मग त्यानं सीटखाली हात घालून ती हळूहळू, जरुरीपुरतीच, मागं सरकवली.