घोड्याच्या घरातलं प्यादं

शहागंजात शिलाई मशिनी दुरुस्त करणारे बन्सी साळवे. दुकानापुढच्या बाकड्यावर बुद्धिबळात त्यांना हरवणारा माणूस शोधून सापडायचा नाय. पण स्पर्धेत उतरले की गाडी अडायची. सहा स्पर्धा झाल्या, रेटिंगवाला, म्हणजे नावापुढं खेळाचा अधिकृत आकडा असलेला, एकही खेळाडू हाती लागला नव्हता. "एकदा, फक्त एकदा हरवायचंय," असं ते पोरीला, निशाला, म्हणायचे. साठी आली होती, त्यामुळं हौसेला घाई सुटली होती.

बापानं, कडुबांनी, त्यांना देशी डाव शिकवला होता. त्यात प्यादं शेवटच्या ज्या घरात पोचेल, त्या घरात डावाच्या सुरुवातीला जे मोहरं असतं तेच व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. निशानं शंभरदा बजावलं होतं, "बाबा, स्पर्धेत कुठंही पोचलं तरी वजीर घ्यायचा!" बन्सीरावांना ते तोंडपाठ होतं, हाताला कोण सांगणार?

सातव्या स्पर्धेला गारखेड्याच्या हॉलमध्ये बसले, तेव्हा समोर राजनंदिनी आली. तिचं रेटिंग अठराशे, ह्यांच्या नावापुढं भोपळा. पोरगी तासभर जांभया देत खेळली. मग गडबडीत तिचा एक हत्ती फुकट गेला, अन् जांभया थांबल्या. तीन तासांनी पटावर दोन राजे अन् बन्सीरावांचं एक प्यादं उरलं. वजीर झाला की डाव खिशात. पोरीचं तोंड उतरलं होतं. बन्सीरावांच्या घड्याळात सहा सेकंद होते. त्यांनी प्यादं शेवटच्या घरात नेलं अन् बाजूला पडलेला घोडा उचलून तिथं ठेवला. घर घोड्याचं होतं.

पंच आले. ठेवलेलं मोहरं बदलता येत नाय, अन् एकट्या घोड्यानं मात होत नाय. डाव बरोबरीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अठराशेवालीकडून अर्धा गुण म्हणजे काय चेष्टा हाय व्हय! राजनंदिनीनं हळूच विचारलं, "काका, वजीर का नाय घेतला?"

"घोड्याचं घर होतं, बाई," बन्सीराव म्हणाले, अन् आपलंच बोलणं ऐकून त्यांना लाज वाटली.

रविवारी शेजारचा घोंगडीवाला मल्हारी बाकड्यावर खेळायला बसला. डाव बन्सीरावांच्या बाजूनं होता, पण मल्हारीचं एक प्यादं निसटून उंटाच्या घरात पोचलं. त्यानं सवयीनं उंट ठेवला.

"उचल तो. वजीर ठेव," बन्सीराव म्हणाले.

"अरं, उंटाचं घर हाय की!"

"घर इचारायचं नाय. इतकं चालत आलं ना? मग वजीर."

मल्हारीनं वजीर ठेवला अन् पाच चालीत बन्सीरावांना हरवलं.