खणातला पासपोर्ट

ही गोष्ट सांगायचं मी सोळा वर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. विषय जवळ आला की मी दुसरंच काही काढायचो. नळाला पाणी आलं का, कपाशीला यंदा काय भाव आहे, असलं काहीतरी. तेवढ्यात वेळ निघून जायची.

गेल्या महिन्यात मुलीने कॅनडाहून व्हिडिओ कॉल केला. तिला मला सहा महिन्यांसाठी तिकडे न्यायचं आहे. अर्जात मागे कुठल्या देशात किती काळ राहिलो ते भरावं लागतं, म्हणून मी पिपरी मेघेच्या घरात कपाट उघडून जुने पासपोर्ट एकेक करून फोनसमोर धरत होतो. त्यात चुकून तिच्या आईचा धरला गेला.

"बाबा, थांबा. हा आईचा ना?" ती म्हणाली. मला पानं उलटायला लावून तिने शिक्के पाहिले. "हीच ती वेळ का, आजी गेली तेव्हाची? ऑफिसवाल्याने पासपोर्ट अडकवून ठेवला होता ती?"

"हो," मी म्हणालो.

बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. जिला ती जिवंत असताना सांगायचं होतं तिला सांगितलं नाही, आणि आता मुलीलाही तेच खोटं पुन्हा दिलं. म्हणून हे लिहितो आहे. मुलगी वाचेल तेव्हा वाचेल.

मी मूळचा रोहण्याचा. वर्ध्याला बी.कॉम. केलं, काही वर्षं हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिले आणि मग मस्कतला गेलो. मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर म्हणून. पुढे बायको आणि मुलगीही आल्या. दोन खोल्यांचं घर, खाली मल्याळी माणसाचं दुकान, शुक्रवारी सुट्टी. मुलगी दहावी झाल्यावर नागपूरला होस्टेलवर गेली आणि आम्ही दोघंच उरलो.

परदेशात राहणाऱ्या माणसाचं घर कागदावर उभं असतं, हे आम्हाला हळूहळू कळलं. माझा व्हिसा नोकरीवर, तिचा व्हिसा माझ्यावर. नोकरी गेली की दोघांनी महिनाभरात भांडीकुंडी विकून निघायचं. पगार आला की आधी तिथलं भाडं, मग मुलीची फी, मग पिपरी मेघेच्या प्लॉटचा हप्ता, आणि उरलं त्यात महिना. फ्रिज घ्यायचा तरी जुना घ्यायचा, कारण किती दिवस राहणार ते आपल्या हातात नसतं. आणि एक नियम असा होता की, व्हिसावर असलेला माणूस सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिला तर व्हिसा आपोआप मरतो. म्हणून आमच्या ओळखीतल्या बायका गावाकडे बाळंतपणाला, आजारपणाला गेल्या की मधेच एकदा येऊन दोन दिवस राहून परत जायच्या. त्याला सगळे 'व्हिसा जिवंत करून येणं' म्हणत.

सासूबाईंना लकवा मारला तेव्हा बायको माहेरी वडनेरला गेली. सासूबाईंची उजवी बाजू पूर्ण गेली होती. बोलणं बोबडं झालं होतं, ते फक्त बायकोलाच समजायचं. माझा मेहुणा तिथेच किराणा दुकान चालवतो, पण आईचं अंगधुणं, कूस बदलणं हे त्याच्याने होणारं नव्हतं, आणि त्याचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. बायको महिन्यासाठी गेली आणि राहतच गेली.

मी मस्कतला एकटा. सकाळी सातला निघायचो, संध्याकाळी सातला यायचो. कुलूप उघडलं की आत कोंडलेल्या हवेचा वास यायचा. मी टीव्ही लावून ठेवायचो, पाहायचो नाही. वरण-भात एकदाच लावायचो आणि तीन दिवस खायचो. कधीकधी आठवडाभर मराठीत बोललेला शब्द फक्त फोनवरचा असायचा, आणि फोनवर बायको सासूबाईंबद्दलच बोलायची. आज अर्धी वाटी पेज घेतली. आज डावा हात उचलला. मी हं-हं करायचो. मला राग यायचा आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

पाच महिने होऊन गेले तशी मी तारीख मोजून तिला फोन केला.

"एकदा येऊन जावं लागेल."

"आता? मायले सोडून?"

"व्हिसा मरेल."

"मरू द्या ना मग. नवा काढू."

हे मात्र खरंच जमणारं नव्हतं. मधल्या काळात फॅमिली व्हिसासाठी पगाराची अट वाढली होती. जुना व्हिसा चालू राहिला असता, नवा मला मिळाला नसता. मी ते समजावून सांगितलं. पलीकडे मेहुण्याचा आवाज ऐकू आला, "जा ताई, हजेरी लावून ये. तिकडच्या मास्तरानं नाव कापलं तर भाऊजीले डबा कोण करन?"

ती हसली नाही. "चार दिवस येतो," म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'येतो' म्हणतात.

निघताना सासूबाईंनी डाव्या हाताने तिचा पदर धरून ठेवला होता, हे तिने मला विमानतळावरून घरी येताना टॅक्सीत सांगितलं. "लवकर येजो म्हने. मी म्हटलं, पाचव्या दिवशी निंगतो." तिच्या बॅगेत दोनच साड्या होत्या. बाकीची बॅग तिने तूर डाळ, तिखट आणि लोणच्याच्या बरणीने भरून आणली होती. माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी तिचा पासपोर्ट घेऊन ऑफिसात गेलो. तिच्या व्हिसाची मुदत तीन महिन्यांनी संपणार होती, आलीच आहे तर नूतनीकरण उरकून घ्यावं असा विचार केला. कंपनीची सरकारी कामं पाहणारा एक म्हातारा ओमानी होता. त्याने पासपोर्ट उघडून पाहिला आणि परत दिला. "अभी नहीं. लास्ट महिने में आना," म्हणाला. दोन मिनिटांचं काम. मी पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात टाकला आणि मालाची गाडी आली म्हणून गोदामात गेलो.

संध्याकाळी घराजवळ आलो तर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि दिवा लागलेला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा. जिन्यातच पातोडीच्या रश्श्याचा वास आला. मी दार वाजवलं आणि दार आतून उघडलं. दार आतून उघडणं म्हणजे काय असतं, हे एकटं राहिलेल्यालाच कळेल. तिने गादी उन्हात टाकली होती, पडदे धुतले होते, माझ्या सदऱ्यांची बटणं लावून ठेवली होती. आम्ही जेवलो. मी तीन वाट्या रस्सा प्यायलो.

"पासपोर्ट कुठाय हो? बॅगीत टाकून ठेवू द्या. मंग घाई होते."

पासपोर्ट ऑफिसात राहिला, उद्या आणतो, एवढंच सांगायचं होतं. तेच खरं होतं. पण मी म्हणालो, "ऑफिसात दिला. नूतनीकरणाला."

"किती दिवस लागन?"

"होईल चार-सहा दिवसांत."

ती भांडी उचलता उचलता थांबली. "पन माह्यं तिकीट?"

"पुढे ढकलू."

मी असं का बोललो हे मी पुष्कळदा शोधलं आहे. ठरवून बोललो नव्हतो. पण बोललेलं परत घेतलंही नाही, आणि ते तर मी रोज ठरवून केलं. रोज सकाळी टेबलाशी बसायचो. बिलं काढायला खण उघडायचो, निळा पासपोर्ट दिसायचा, खण बंद करायचो. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आला का?" मी म्हणायचो, "उद्या." एकदा ती चिडली. "तुमच्या त्या मानसाले सांगा ना, मानूस आजारी हाय म्हना घरी! काऊन असा करून राह्यला तो?"

"सरकारी काम आहे. आपल्या हातात नसतं."

ती दिवसातून दोनदा वडनेरला फोन करायची. मेहुणा फोन सासूबाईंच्या कानाशी धरायचा. पलीकडून आलेले बोबडे आवाज ती मला अर्थ लावून सांगायची. "विचारते, निंगाली का म्हनून." मग फोनमध्ये मोठ्याने ओरडायची, "हाव माय, निंगालीच! उद्या येतो!" मी समोर बसून चहा पीत असायचो.

दहाव्या दिवशी सकाळी मेहुण्याचा फोन आला. सासूबाई पहाटे गेल्या.

ती रडली नाही. भिंतीशी बसली आणि म्हणाली, "आता तरी देतीन का पासपोर्ट?"

मी ऑफिसात गेलो, खण उघडला आणि तासाभरात पासपोर्ट घेऊन घरी आलो. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावला. "देवमानूस हाय बिचारा," ती म्हणाली. "ऐकल्याबरोबर देला."

ती घाईत होती, म्हणून तिने पासपोर्ट उघडून पाहिला नाही. नूतनीकरणाचा शिक्का त्यात कुठेच नव्हता.

त्या दुपारच्या विमानाने ती मुंबईला आणि रात्रीच्या गाडीने पुढे निघाली. मला सुट्टी मिळाली नाही. मेचा महिना होता, वडनेरच्या उन्हात कोणी थांबणार नव्हतं. ती पोचली तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती, आणि अग्नी देऊन दिवस उलटला होता. मेहुणा अंगणात बसला होता. तिला पाहून म्हणाला, "वाचला का वं तुह्या व्हिसा?"

मी हिशेब केला आहे. ठरलेल्या तिकिटावर ती गेली असती तर तिला आईजवळ साडेतीन दिवस मिळाले असते.

ती परत मस्कतला आली नाही. व्हिसाची मुदत संपली तेव्हा मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "आता माह्या व्हिसाचं काही करू नका." मी तिथे आणखी सहा वर्षं एकटा राहिलो. कुलूप बाहेरून लावायचं, बाहेरून उघडायचं. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

वडनेरला आजही असं बोललं जातं की मस्कतच्या एका ऑफिसवाल्याने माय-लेकीची भेट होऊ दिली नाही. बायको मात्र त्याची बाजू घ्यायची. मेहुण्याने शिवी दिली की म्हणायची, "त्याले काऊन बोलतं? त्यानंच तर निंगू देलं मले." मी सुट्टीवर येऊन परत जाताना दर वर्षी ती नागपूरची संत्रा बर्फी द्यायची. एक डबा ऑफिससाठी, एक त्या माणसासाठी वेगळा. पहिल्या वर्षी मी तो डबा त्याला नेऊन दिला. तो बुचकळ्यात पडला. "किस बात का?" त्याने विचारलं. मी सांगितलं, माझ्या बायकोने पाठवलं. त्याने डब्यावर हात ठेवून तिच्यासाठी दुवा मागितली. पुढच्या वर्षापासून तो डबा मी घरीच संपवला, आणि बायकोला सांगत राहिलो की त्याला फार आवडली.

त्याने दोन मिनिटांत पासपोर्ट परत दिला होता. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. हे इथे लिहून ठेवतो.

नोकरी संपवून मी पिपरी मेघेला आलो. आम्ही दोघं नऊ वर्षं या घरात राहिलो. सांगायला नऊ वर्षं पुष्कळ होती. सासूबाईंच्या तिथीला आम्ही वडनेरला जायचो तेव्हा बसमध्ये मी शब्द जुळवायचो, आणि हिंगणघाट आलं की उतरून चहा घ्यायचो. एकदा तर सगळं तोंडात आलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "तुमी होते म्हनून मी ते दिवस काढले. एकटी असती त मरून गेली असती."

शेवटी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एका दुपारी ती समोरच्या खोलीत पडली होती, कूलर चालू होता, घरात आम्ही दोघंच. डॉक्टरांनी मला सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी खुर्ची तिच्या खाटेजवळ ओढली.

"तुझ्या त्या पासपोर्टचं..." मी म्हणालो.

तिने डोळे उघडले. "काऊन? आता कुठं नेता मले?" आणि हसली. किती दिवसांनी हसली होती.

"नाही, असंच."

"मंग कूलर जरा कमी करा. थंडी वाजून राह्यली."

मी उठून कूलर कमी केला. परत आलो तर तिने डोळे मिटले होते. त्यानंतर ती आठ दिवस होती, आणि त्या आठही दिवसांत मी खुर्ची जवळ ओढली नाही.

मी तिच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचो. शिकलो, बाहेर राहिलो, त्याची ती सवय. त्या दुपारी जे जुळवलं होतं ते मात्र तिच्या बोलीत होतं, आणि फार मोठं नव्हतं. पासपोर्ट माह्याच खनात होता. कोनी अडवला नव्हता. मले एकट्याले त्या घरात राह्यवत नव्हतं, म्हनून तुले मायजवळ जाऊ देलं नाई. चुकलं माह्यं. मले माफ कर.